आरोग्यविम्यातील स्वीकृतीची हमी : अर्थ, अटी आणि अमानत



प्रिय वाचकहो, काही महिन्यांपूर्वी जुमाच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ मशिदीच्या ओसरीत माझी वाट पाहत थांबले होते. सारे त्यांना चाचा म्हणतात. बावीस वर्षे कुवेतमध्ये कष्ट करून ते कोकणात आपल्या गावी परतले. त्यांची थोरली लेक अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात असते. चाचांनी मला विचारले, "मौलाना, बापाची शुगर आणि लेकीची शुगर वेगळी असते काय?"

प्रश्नामागची हकीकत अशी. जावयाची नोकरी सुटली आणि नोकरीबरोबर साऱ्या कुटुंबाचा आरोग्यविमाही गेला. लेक रोज इन्सुलिन घेते. आता कोण विमा देणार, या चिंतेत चाचांच्या घरी चूल पेटेना. परंतु महिन्याभरातच लेकीचा फोन आला की, नवा विमा मिळाला. अर्जात वय विचारले, पत्ता विचारला, कमाई विचारली. आजार मात्र कोणी विचारलाच नाही. इकडे खुद्द चाचांच्या हृदयशस्त्रक्रियेचा दावा विमा कंपनीने फेटाळला होता. कारण, अर्जात मधुमेहाच्या रकान्यापुढे 'नाही' असे लिहिले होते आणि रुग्णालयाच्या कागदावर 'आठ वर्षांपासून मधुमेह' अशी नोंद निघाली. शस्त्रक्रियेचा खर्च चाचींच्या बांगड्या विकून भागवावा लागला.

वाचकहो, तो 'नाही' माझ्या हस्ताक्षरात होता. मदरशाच्या शिक्षणाबरोबर मी मराठीत बी.ए. केले, म्हणून मोहल्ल्यातील अर्ज, दाखले, तक्रारी लोक माझ्याकडून लिहून घेतात. एजंट म्हणाला, "शुगर लिहिलीत तर अर्ज परत येईल, सगळेच असे लिहितात." चाचांनी माझ्याकडे पाहिले आणि मी लिहिले.

त्या दिवशी चाचांच्या प्रश्नाला मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. नंतर विषय समजून घेतला, जाणकारांना विचारले. जे कळले, ते चाचांना सांगितले आणि आता आपल्यापुढे मांडत आहे. कारण आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे परदेशी आहेत आणि असे अर्ज आपल्या प्रत्येकाच्या घरात भरले जातात.

स्वीकृतीची हमी म्हणजे काय?

चाचांच्या लेकीला ज्या नियमाने विमा मिळाला, त्याला अमेरिकेत 'गॅरंटीड इश्यू' म्हणतात. मराठीत आपण त्याला 'स्वीकृतीची हमी' म्हणू. अर्थ सरळ आहे. ठरलेल्या मुदतीत जो कोणी विमा मागेल आणि हप्ता भरेल, त्याला विमा द्यावाच लागेल. त्याच्या प्रकृतीचे कारण सांगून कंपनीला नकार देता येणार नाही.

या हमीचे महत्त्व कळण्यासाठी ती नव्हती तेव्हा काय होत होते, हे पाहावे लागेल. अमेरिकेत कामकरी वयाच्या बहुसंख्य लोकांचा विमा नोकरीतून येतो. मोठ्या गटात निरोगी आणि आजारी दोघेही असतात, म्हणून तेथे एकेकाची प्रकृती तपासण्याची गरज कमी भासते. १९९६ च्या एका केंद्रीय कायद्याने तर नोकरीच्या गटविम्यात प्रकृतीवरून भेदभाव करण्यास मनाई केली. अडचण होती ती स्वतःचा विमा स्वतः विकत घेणाऱ्यांची : छोटे दुकानदार, टॅक्सीचालक, नोकरी गमावलेले, वयाच्या साठीत निवृत्त झालेले. बहुतेक राज्यांत कंपन्या त्यांच्याकडून आजारांची लांबलचक यादी भरून घेत. मधुमेह, कर्करोगाचा इतिहास, हृदयविकार, एवढेच नव्हे तर गरोदरपण हेही नकाराचे कारण ठरत असे. नकार दिला नाही, तर हप्ता वाढवीत किंवा नेमका तोच आजार विम्यातून वगळीत. ज्याला छत्रीची खरी गरज, त्यालाच पावसात उभे करावे, असा तो प्रकार होता.

२३ मार्च २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी 'अफोर्डेबल केअर ॲक्ट' या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील स्वीकृतीची हमी १ जानेवारी २०१४ पासून देशभर लागू झाली. तिच्याबरोबर आणखी तीन नियम बांधलेले आहेत आणि चारही एकत्र समजून घेतले पाहिजेत.

पहिला, अर्जदाराला प्रकृतीच्या कारणावरून नाकारायचे नाही. दुसरा, आजारी म्हणून हप्ता वाढवायचा नाही. केंद्रीय कायद्यानुसार हप्ता चारच गोष्टींवरून बदलू शकतो : वय, राहण्याचा भाग, विम्यातील कुटुंबीयांची संख्या आणि तंबाखूचे सेवन. त्यातही वयस्कर प्रौढाचा हप्ता तरुण प्रौढाच्या तिपटीपेक्षा अधिक असू शकत नाही. तिसरा, आधीपासून असलेला आजार वगळायचा नाही आणि त्यासाठी प्रतीक्षाही करायला लावायची नाही. चौथा, विमाधारक हप्ता भरीत आहे तोवर विम्याचे नूतनीकरण नाकारायचे नाही.

दुसऱ्या नियमाकडे विशेष लक्ष द्यावे. दार उघडे ठेवले, पण आजारी माणसासाठी उंबरठा छातीएवढा उंच केला, तर त्या उघड्या दाराचा उपयोग काय? हप्त्यावर मर्यादा नसेल, तर स्वीकृतीची हमी केवळ कागदावर राहते.

अशअरी लोकांची चादर

येथे मनात एक शंका येते. कंपनीने नकार द्यायचाच नसेल, तर निरोगी माणसाने आधीपासून हप्ते का भरावेत? आजारी पडल्यावर विमा घ्यावा, बरे झाल्यावर सोडून द्यावा. घर पेटल्यावर विहीर खणू. नाहीतरी शेजाऱ्याची विहीर आहेच.

या शंकेचे उत्तर समजावून देण्यासाठी मला एका प्रेषितवचनाइतके दुसरे चांगले उदाहरण सापडत नाही. ह. अबू मूसा अशअरी (रजि.) यांचे हे कथन बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. अशअरी कबिल्यातील लोकांची एक रीत होती. मोहिमेवर शिधा संपत आला किंवा मदीनेत कुटुंबाचे अन्न कमी पडू लागले, की ते आपल्याजवळ असेल नसेल ते सर्व एका कापडावर आणून गोळा करीत आणि मग एकाच मापाने सर्वांना सारखे वाटून घेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या लोकांना आपले म्हटले आणि स्वतःला त्यांच्यातील म्हटले. त्यांच्यासाठी याहून मोठी शाबासकी कोणती असेल?

ही हकीकत सांगताना वाटपावर आपण भर देतो. पण वाटपाच्या आधी काय घडले ते पाहा. ज्याची पिशवी अजून भरलेली होती, त्यानेही ती आणून चादरीवर रिकामी केली. माप सर्वांना सारखे मिळाले, कारण चादरीवर सर्वांनी आणून ओतले. समजा, भरल्या पिशवीवाले म्हणाले असते की, आमच्याजवळ आहे तोवर आम्ही आमचे खातो, संपल्यावर चादरीकडे येऊ. तर चादरीभोवती केवळ रिकाम्या पिशव्या जमल्या असत्या. मापाचा न्याय तसाच राहिला असता, मात्र मापात भरायला काही उरले नसते.

आरोग्यविम्याचे नेमके हेच आहे. अमेरिकेतील काही राज्यांनी हा धडा फार महाग किमतीने घेतला. चाचांची लेक राहते त्या न्यू जर्सीनेच केंद्रीय कायद्याच्या कितीतरी आधी, १९९२ च्या कायद्याद्वारे, व्यक्तिगत विम्यात स्वीकृतीची हमी दिली; पुढच्या वर्षी ती अमलात आली. वय किंवा आजार पाहून हप्ता बदलण्यासही मनाई होती. हेतू उत्तम होता. परंतु निरोगी लोकांनी आत यावे यासाठी पुरेशी व्यवस्था नव्हती. तरुण आणि निरोगी माणसे हळूहळू बाहेर पडली, उरलेल्यांचा सरासरी खर्च वाढला, म्हणून हप्ता वाढला. हप्ता वाढला म्हणून आणखी काही निरोगी माणसे बाहेर पडली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील विमाधारकांची संख्या घटत गेली.

वॉशिंग्टन राज्याची कथा याहून बोलकी आहे. १९९३ साली तेथे हमी आणि सर्वांनी विमा घेण्याची सक्ती या दोन्हींचा एकच कायदा झाला. १९९५ मध्ये सक्ती रद्द झाली आणि हमी तेवढी राहिली. १९९९ पर्यंत परिस्थिती अशी झाली की, राज्याच्या बहुतेक भागांत एकही कंपनी नवा व्यक्तिगत विमा विकायला तयार नव्हती. कोणालाही नाकारायचे नाही हा नियम कायम होता. द्यायला विमाच शिल्लक नव्हता.

म्हणून २०१० च्या कायद्याने हमीला तीन टेकू दिले. एक, ठरलेली मुदत : वर्षातून एकदा, १ नोव्हेंबरपासून काही आठवडे दार उघडते, एरवी नोकरी सुटणे, विवाह, अपत्यजन्म यांसारख्या प्रसंगीच, साधारणतः ६० दिवसांच्या आत, विमा घेता येतो. दोन, मध्यम व कमी उत्पन्नाच्या लोकांना हप्त्यात उत्पन्नानुसार शासकीय सवलत. तीन, विमा न घेणाऱ्यास दंड. तिसऱ्या टेकूवर मोठा वाद झाला. २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो दंड कर म्हणून वैध ठरविला. पुढे २०१७ च्या कायद्याने केंद्रीय दंड २०१९ पासून शून्यावर आणला गेला. न्यू जर्सीने मात्र जुना धडा आठवून त्याच वर्षापासून आपल्या राज्यापुरता दंड सुरू केला.

आता लेकीच्या गोष्टीचा उलगडा होतो. जावयाची नोकरी गेल्यावर तिने साठ दिवसांच्या आत अर्ज केला, म्हणून दार उघडे होते. तिच्या इन्सुलिनचा खर्च जो हप्त्यांतून निघतो, त्यात असे असंख्य तरुण आहेत ज्यांनी वर्षभरात एकदाही डॉक्टरची पायरी चढलेली नाही. ते तिला ओळखत नाहीत. त्यांनी आपली भरली पिशवी चादरीवर ओतली आहे.

ही हमी काय देत नाही

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांनी येथे थोडे थांबून वाचावे, कारण या शब्दाने अनेकांची फसगत होते.

स्वीकृतीची हमी म्हणजे मोफत उपचार नव्हे. विमा मिळतो, पण हप्ता भरावा लागतो आणि उपचाराच्या वेळी खर्चाचा ठरावीक भाग स्वतः सोसावा लागतो. तेथील योजनांना कांस्य, रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम अशा धातूंची नावे आहेत. कांस्य योजना सरासरीने खर्चाचा सुमारे ६० टक्के भाग उचलते, प्लॅटिनम सुमारे ९० टक्के. हप्ता कमी म्हणून कांस्य घ्यावे आणि दर महिन्याला लागणाऱ्या औषधांसाठी खिसा रिकामा करावा, असेही घडते.

तसेच बाजारात विमा म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू या कायद्यात बसत नाही. अल्पमुदतीच्या योजना तेथे आजही आजार विचारतात आणि नाकारतात. पासष्टीनंतर शासकीय मेडिकेअर विमा मिळतो. त्यातील उणीव भरून काढणाऱ्या 'मेडिगॅप' या खासगी पुरवणी विम्यासाठी स्वीकृतीची हमी सहा महिन्यांपुरती असते. पासष्टी पूर्ण होऊन मेडिकेअरचा 'बी' भाग सुरू झाला, की ती मुदत चालू लागते. ती चुकली, तर बहुतेक राज्यांत कंपनी प्रकृती पाहून नकार देऊ शकते.

आणि सर्वांत महत्त्वाचे : येथून लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांना भेटण्यासाठी पर्यटक म्हणून जाणाऱ्या आईवडिलांना ही हमी लागू नाही. त्यांना प्रवासी विमा घ्यावा लागतो आणि त्यात आधीचे आजार सहसा वगळलेले किंवा फार थोडे धरलेले असतात. लेकीला मिळाले म्हणजे आपल्यालाही मिळेल, या समजुतीने विमानात बसू नये.

आपल्याकडे काय आहे?

चाचांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग हा. भारतात खासगी आरोग्यविम्यामध्ये प्रवेशाची अशी सरसकट हमी नाही. कंपनी आजार विचारू शकते, वैद्यकीय तपासणी मागू शकते, हप्ता वाढवू शकते, अर्ज नाकारूही शकते. येथे नूतनीकरणाची हमी आहे, प्रवेशाची नाही. आधी दावा केला, एवढ्याच कारणावरून कंपनीला जुना विमा पुढे चालू ठेवण्यास नकार देता येत नाही. म्हणून प्रकृती धड असताना लहान का होईना विमा घेणे आणि तो खंडित न होऊ देणे, हेच आपल्याकडचे शहाणपण आहे.

तथापि काही दारे उघडली आहेत. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आणि अर्जात सांगितलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. पूर्वी तो ४८ महिने होता. विमा सलग ६० महिने चालू राहिला, तर माहिती दिली नव्हती या कारणाने दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विम्यात स्थान देणे बंधनकारक केले आहे. नोकरीच्या गटविम्यात जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरले जातात. ते आपल्या योजनेत आहेत की नाही, हे कार्यालयात विचारून घ्यावे.

खऱ्या अर्थाने स्वीकृतीची हमी आपल्याकडे शासकीय योजनांत आहे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मिळतात. आजार कधीचा आहे, हे तेथे नकाराचे कारण ठरत नाही; जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, या योजनेत घेतले आहे. त्यासाठी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड काढावे लागते. महाराष्ट्रात ही योजना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या जोडीने राबविली जाते. पूर्वी पांढरे रेशनकार्ड असलेली कुटुंबे सहसा त्यात बसत नसत. कुवेतहून परतलेल्या चाचांचे कार्ड पांढरे होते. आता योजनेचा विस्तार होऊन तीही पात्र ठरली आहेत. उपचार मात्र योजनेच्या यादीतील असावे लागतात आणि रुग्णालय योजनेशी जोडलेले असावे लागते. अशा रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो; दाखल होताच त्याला गाठावे.

येथेही तोच नियम लक्षात ठेवावा. हमी असली, तरी कार्ड आधी काढून ठेवलेले बरे. आधार आणि रेशनकार्डावरील नावात फरक, जन्मतारखेत फरक, अशा किरकोळ गोष्टी निवांतपणी दुरुस्त होतात. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहून त्या दुरुस्त करणे फार जड जाते.

शरीअतच्या दृष्टीने

विमा घ्यावाच का, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असणार आणि तो योग्यच आहे. व्यावसायिक विम्याच्या करारात अनिश्चितता, व्याज आणि जुगाराचा अंश आहे, असे बहुसंख्य फकीहांचे मत आहे. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८५ च्या अधिवेशनात व्यावसायिक विमा निषिद्ध ठरविला आणि परस्परसहकार्यावर आधारलेल्या विम्याला पर्याय म्हणून मान्यता दिली. याउलट शेख मुस्तफा अज़-ज़रका यांच्यासारख्या मोठ्या फकीहाने विम्यास अनुमती दिली. ज्या शासकीय योजनेत लाभार्थी काही हप्ताच भरीत नाही, तिचा प्रश्न या वादाहून वेगळा आहे. ती राज्याने प्रजेला केलेली मदत आहे. खासगी विम्याबाबत, विशेषतः दुसरा मार्ग नसताना, आपल्या परिस्थितीत काय करावे, हे आपल्या विश्वासातील मुफ्तींना विचारून ठरवावे. मी येथे फतवा देत नाही.

परंतु एका गोष्टीत कोणत्याही उलमांचे दुमत नाही. जो करार आपण केला, त्यात खोटे लिहिणे हराम आहे. प्रेषित (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीजवळ थांबले आणि त्यांनी राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. वरचे धान्य कोरडे आणि आतले भिजलेले होते. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. लोकांना दिसावे म्हणून ओले धान्य वर का ठेवले नाही, असे आपण (स.) त्याला विचारले आणि फसविणारा आपल्यातील नव्हे, असा इशारा दिला. सहीह मुस्लिममधील ही हकीकत मी किती वेळा मिंबरवरून सांगितली असेल! आणि चाचांचा अर्ज भरताना ओले धान्य मी स्वतःच्या हाताने खाली दडपले.

समोरची कंपनी नफेखोर आहे, सगळेच असे लिहितात, गरीब माणसाचे भले होते आहे, हे सारे युक्तिवाद मी त्या दिवशी मनाशी केले होते. त्यांतील एकही रुग्णालयाच्या काउंटरवर कामाला आला नाही, आणि परलोकातील जबाबदेहीच्या दिवशीही येणार नाही. खरे लिहिले असते तर कदाचित अर्ज नाकारला गेला असता. कदाचित हप्ता वाढला असता. कदाचित मधुमेहाशी निगडित उपचारांसाठी काही वर्षे थांबावे लागले असते. तिन्ही परिस्थितींत चाचांना आपण कोठे उभे आहोत हे माहीत असते आणि त्यांनी दुसरी तजवीज केली असती. खोट्याने त्यांना विमा दिला नाही. विमा आहे असा भ्रम तेवढा दिला आणि दोन वर्षांचे हप्ते नेले.

अर्ज भरण्यापूर्वी

म्हणून विनंती आहे की, घरात आरोग्यविम्याचा कोणताही अर्ज भरताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. सर्व आजार, शस्त्रक्रिया आणि नेहमीची औषधे लिहावीत. एजंटने 'लिहू नका' म्हटले, तरी सही आपली असते आणि जाबही आपल्यालाच द्यावा लागतो.

२. अर्ज समजत नसेल, तर समजणाऱ्याकडून वाचून घ्यावा आणि भरलेल्या अर्जाची प्रत जवळ ठेवावी. पॉलिसी हाती आल्यावर पहिल्या ३० दिवसांत ती वाचून, पटली नाही तर परत करता येते. चुकीचे काही लिहिले गेले असेल, तर कंपनीला लेखी कळवून आजच दुरुस्त करावे.

३. साठ महिन्यांचा नियम ऐकून, तोवर लपवू, असा हिशेब कोणी करू नये. अल्लाहपुढे अशी कोणतीही मुदत नाही.

४. ७० वर्षांवरील प्रत्येकाचे कार्ड काढावे. आपल्या घरचे झाले, की शेजारच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे काढून द्यावे.

५. घरातील कमावत्या तरुणांना सांगावे की, तुम्हाला आज गरज नाही, म्हणूनच आज तुमची गरज आहे. विमा असो, मोहल्ल्याचा मदतनिधी असो की जमातीचे बैतुलमाल असो, भरल्या पिशवीवाले आले नाहीत, तर चादर रिकामीच राहते.

शेवटी चाचांविषयी. हे सर्व मी त्यांना सांगितले आणि त्यांची क्षमा मागितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मौलाना, सही माझी होती. पण पुढच्याच्या अर्जात खरे लिहा." त्यानंतर त्यांनी खिशातून आधारकार्ड काढले, सत्तरी त्यांनी नुकतीच ओलांडली आहे. त्यांचे वय वंदना कार्ड आम्ही त्याच आठवड्यात काढले.

आता माझ्याकडे कोणी विम्याचा अर्ज घेऊन आले, की मी आधी औषधांची पाकिटे आणायला सांगतो. ती समोर मांडतो आणि मगच लेखणी उचलतो.

अल्लाह आपणा सर्वांना आरोग्य देवो, आजाऱ्यांना शिफा देवो, आपल्या लेखणीला सत्याची सवय लावो आणि दुसऱ्याच्या गरजेच्या वेळी आपली पिशवी चादरीवर रिकामी करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.